सहकार की निव्वळ सोबत? : भुयारखेळांतील लुटीचे वाटप आणि मैत्रीचा प्रश्न

सारांश

मित्रांसमवेत खेळण्यासाठी चांगला सहकारी भुयारखेळ कोणता, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीच्या सल्ल्याचा वाटतो. प्रस्तुत लेखात तो समीक्षेचा प्रश्न म्हणून हाताळला आहे. १९८५ पासूनच्या काही महत्त्वाच्या व्हिडिओ खेळांमध्ये सापडलेल्या लुटीचे वाटप कसे होते, याचा येथे विचार केला आहे. अनोळखी खेळाडूंमधील तंटा मिटवण्यासाठी योजलेला नियम मित्रांच्या खेळालाही लागू झाला आणि त्यामुळे सहकाराची जागा निव्वळ सोबतीने घेतली, असे प्रतिपादन लेखात केले आहे. आट्यापाट्या, 'भिडू' आणि 'कच्चा लिंबू' या आपल्याकडील खेळपरंपरेतील संकल्पनांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

बीजशब्द : भुयारखेळ, सहकार, लूट, भिडू, कच्चा लिंबू, राजी

१. प्रस्तावना

व्हिडिओ खेळांविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात जी चर्चा होते, ती प्रामुख्याने व्यसन, वेळेचा अपव्यय आणि परीक्षेतील निकाल या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. या चिंतेत तथ्य नाही असे नव्हे. परंतु चिंता म्हणजे समीक्षा नव्हे. कादंबरीवाचनाने तरुण पिढी बिघडते असे एकेकाळी म्हटले जात असे. मराठीत 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या, तेव्हा त्यांच्या वाचकवर्गाकडेही काहीशा संशयानेच पाहिले गेले. पुढे कादंबरीची समीक्षा प्रगल्भ झाली आणि चांगली कादंबरी व सुमार कादंबरी यांत भेद करता येऊ लागला. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत आपण अजून त्या टप्प्यावर पोहोचलेलो नाही. केंद्र शासनाच्या २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ, ई-क्रीडा आणि मनोरंजनासाठीचे सामाजिक खेळ असे तीन प्रकार वेगळे केले. कायद्याने भेद केला. समीक्षेने मात्र अद्याप केलेला नाही.

या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येणारा एक साधा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. 'आम्ही चौघे मित्र आहोत. एकत्र खेळता येईल असा एखादा डन्जन क्रॉलर सुचवा.' या प्रश्नात 'चौघे' आणि 'एकत्र' या दोन शब्दांना जे वजन आहे, ते 'डन्जन क्रॉलर' या संज्ञेला नाही. नागपूर, वर्धा, अमरावती या परिसरातील महाविद्यालयांतून शिकलेली मित्रमंडळी पदवीनंतर पुणे, बंगळुरू, हैदराबाद, क्वचित परदेश अशी विखुरली जातात. वसतिगृहाची खोली, चहाची टपरी आणि मैदान या भेटीच्या जागा सुटतात. आठवड्यातून एका रात्री दोन तास एखाद्या काल्पनिक भुयारात एकत्र उतरणे ही अशा मित्रांची भेटीची जागा ठरते. त्यामुळे कोणता खेळ निवडावा हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित राहत नाही. मैत्री कोणत्या जागेत नांदू शकते, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

२. संज्ञा आणि पूर्वपीठिका

'डन्जन' हा इंग्रजी शब्द फ्रेंच 'दोंजों' या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ किल्ल्याचा मुख्य बुरूज, म्हणजे आपल्या परिभाषेत बालेकिल्ल्याच्या जवळ जाणारी वास्तू. काळाच्या ओघात हा शब्द बुरुजावरून खाली घसरत तळघरातील अंधारकोठडीपर्यंत आला. खेळांच्या संदर्भात तो आता दालने, चोरवाटा, सापळे, राक्षस आणि खजिना यांनी भरलेल्या कोणत्याही बंदिस्त चक्रव्यूहासाठी वापरला जातो. 'क्रॉलर' म्हणजे त्यातून वाट काढत पुढे जाणारा. प्रस्तुत लेखात या प्रकारासाठी 'भुयारखेळ' हा शब्द योजला आहे.

या प्रकाराचा उगम संगणकावर नव्हे, तर टेबलाभोवती झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन भुयाराचे वर्णन करतो आणि उरलेले खेळाडू योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेऊन त्यात उतरतात. त्यांची आपसांत स्पर्धा नसते. मिळालेला खजिना कोणी किती घ्यायचा, हे बहुधा खेळाडूंनीच चर्चेने ठरवायचे असते. १९८० च्या सुमारास 'रोग' या संगणकीय खेळाने सूत्रधाराची जागा यंत्राला दिली. प्रत्येक वेळी नवे भुयार रचण्याचे काम यंत्र करू लागले, ही त्याची मोठी उपलब्धी होय. परंतु या व्यवहारात टेबलाभोवतीचे मित्रही नाहीसे झाले. 'रोग' एकट्याने खेळायचा खेळ होता. सहकारी भुयारखेळांचा त्यानंतरचा इतिहास म्हणजे या नाहीशा झालेल्या मित्रांना परत आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

येथे आपल्याकडील एका खेळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आट्यापाट्या हा विदर्भात रुजलेला खेळ रचनेच्या दृष्टीने भुयारखेळाचा जवळचा आप्त म्हणता येईल. मैदानावर नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना छेदणारी एक उभी सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एक रक्षक. चढाई करणाऱ्या संघाने रक्षकांचा स्पर्श चुकवत एकेक पाटी ओलांडायची. एका पाटीवरचा रक्षक एकाच वेळी तिच्या दोन्ही टोकांना उभा राहू शकत नाही. त्यामुळे एका गड्याने हुलकावणी देऊन रक्षकाला आपल्याकडे ओढले की दुसऱ्या टोकाच्या गड्याला वाट मोकळी होते. जो वाट मोकळी करून देतो, तो स्वतः पलीकडे जाईलच असे नाही. या खेळातील सौंदर्य नेमके या जागी आहे. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची परंपरा जोपासली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची प्रात्यक्षिकेही सादर केली. सांघिक खेळाची ही समज आपल्या प्रदेशाला नवी नाही, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

३. लुटीचे वाटप : सामायिक ढिगापासून खाजगी खिशापर्यंत

सहकारी म्हणवल्या जाणाऱ्या खेळात सहकार किती आहे, हे ओळखण्याचे अनेक निकष असू शकतात. प्रस्तुत लेखकास त्यांपैकी एक निकष निर्णायक वाटतो. शत्रू मेल्यावर जमिनीवर जे पडते, ते कोणाचे?

अटारी कंपनीचा 'गॉन्टलेट' (१९८५) हा एड लॉग यांनी रचलेला नाणे टाकून खेळायचा खेळ. एका यंत्राभोवती चौघे उभे राहत : योद्धा, वीरांगना, मांत्रिक आणि एल्फ. प्रत्येकाची प्राणशक्ती क्षणाक्षणाला आपोआप घटत असे. ती भरून काढणारे अन्न भुयारात मोजक्या ठिकाणी पडलेले असे आणि ते पहिला पोहोचणाऱ्याला मिळे. एवढेच नव्हे, तर निष्काळजीपणे सोडलेल्या बाणाने अन्न नष्टही होऊ शके आणि कोणाच्या हातून ते झाले, हे यंत्र मोठ्या आवाजात जाहीर करीत असे. ज्याची शक्ती संपत आली आहे त्याच्यासाठी अन्न सोडायचे की स्वतः घ्यायचे, हा निर्णय प्रत्येकाला खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या मित्राच्या देखत घ्यावा लागे. नियम कोणताही नव्हता. संकोच मात्र होता. नाणी गिळणाऱ्या या यंत्राच्या व्यापारी हेतूविषयी भ्रम बाळगण्याचे कारण नाही. तरीही त्याने खेळाडूंपुढे एक नैतिक प्रसंग उभा केला, हे मान्य करावे लागते.

ब्लिझार्ड कंपनीचा 'डायब्लो २' हा खेळ २००० साली आला आणि त्या दशकात भारतातील सायबर कॅफे व वसतिगृहांपर्यंत पोहोचला. एका वेळी आठ जणांना त्यात उतरता येते. पॅलादिन या पात्राभोवतीच्या प्रभामंडलाचा लाभ त्याच्या सोबत्यांनाही मिळतो; बार्बेरियनच्या रणघोषाने साऱ्या तुकडीचे बळ वाढते. लूट मात्र जमिनीवर सर्वांसमक्ष पडते आणि जो आधी उचलेल त्याची होते. इंटरनेटवर अनोळखी लोकांबरोबर खेळताना याचा परिणाम ठरलेला असे. लढाईत मागे राहणारा एखादा खेळाडू खजिना पडताच झडप घाली. मित्रांच्या तुकडीत मात्र हाच नियम वेगळ्या तऱ्हेने वागे. 'हे धनुष्य तुझ्या कामाचे आहे, घे' असे म्हणण्याची शक्यता तेथे होती, कारण ते धनुष्य स्वतः घेण्याचीही शक्यता होती. घेता येत असूनही न घेणे, यालाच देणे म्हणतात.

'डायब्लो ३' (२०१२) या पुढच्या खेळाने हा प्रश्न मुळातून सोडवला. प्रत्येक खेळाडूला त्याची स्वतंत्र लूट दिसू लागली. शेजारच्याला काय मिळाले हे दिसेना आणि त्याचे काही हिरावून घेता येईना. तंटा संपला. त्याच खेळात सुरुवातीला खऱ्या पैशांनी वस्तू विकण्याचे लिलावघर होते. मित्राला उपयोगी पडेल अशी वस्तू हाती आली की तिला आता डॉलरमधील किंमत होती आणि भेट देणे म्हणजे तेवढे पैसे सोडणे, असा हिशेब आपोआप मनात येई. मार्च २०१४ मध्ये हे लिलावघर बंद करण्यात आले. त्यानंतरच्या व्यवस्थेत दुर्मीळ वस्तू सापडणाऱ्याच्याच खात्याशी बांधली गेली आणि ती सापडली तेव्हा सोबत असलेल्या खेळाडूलाच, तेही दोन तासांच्या आत, देता येऊ लागली. औदार्यालाही मुदत लागली, असे म्हणावयास हरकत नाही. रुनिक गेम्सचा 'टॉर्चलाइट २' (२०१२) आणि लहान मुलांनाही रुचेल असा 'माइनक्राफ्ट डन्जन्स' (२०२०) यांनीही स्वतंत्र लुटीचीच पद्धत स्वीकारली. आज ती या प्रकारातील रूढ पद्धत झाली आहे.

या बदलाचे समर्थन करता येत नाही असे नाही. अनोळखी माणसांच्या गर्दीत दुर्बळाचे रक्षण नियमानेच होऊ शकते. नवख्या खेळाडूला लुटारू सोबत्यांपासून वाचवणारा हा नियम त्या परिस्थितीत न्याय्यच ठरतो. आक्षेप नियमाला नसून त्याच्या व्याप्तीला आहे. जो नियम परस्परांवर विश्वास नसलेल्यांसाठी घडवला, तोच विश्वास असलेल्यांनाही लागू करण्यात आला. घराला कुलूप असावे. परंतु घरातल्या प्रत्येक खोलीला, प्रत्येक डब्याला आणि प्रत्येक ताटाला कुलूप असेल तर त्या घरात एकत्र जेवण संभवत नाही. चौघे मित्र अशा खेळात एकाच पडद्यावर, एकाच शत्रूवर तुटून पडतात आणि तरीही प्रत्येक जण आपापल्या खिशासाठी खेळत असतो. यास सहकार म्हणता येणार नाही. ही सोबत होय. रेल्वेच्या एकाच डब्यातून प्रवास करणाऱ्यांची असते तशी सोबत.

४. सामायिकतेचा पर्यायी विचार

सामायिक ढीग ठेवला की तंटा आणि तो काढला की सहकाराचाच लोप, हा पेच अटळ आहे काय? दोन खेळांच्या आधारे याचे उत्तर नकारार्थी देता येते.

डेन्मार्कमधील घोस्ट शिप गेम्स या संस्थेचा 'डीप रॉक गॅलॅक्टिक' (पूर्ण स्वरूपात २०२०) हा काटेकोर अर्थाने पारंपरिक भुयारखेळ नव्हे. त्यात तलवारीऐवजी बंदुका आहेत आणि खेळाडू खाणकामगार आहेत. परंतु अंधारी भुयारे, शत्रूंच्या झुंडी आणि खनिजांचा शोध ही सारी लक्षणे त्यात आहेत. चौघांच्या भूमिका परस्परांवाचून अपुऱ्या आहेत. स्काउट प्रकाशगोळे सोडून गुहेचे छत उजळतो, तेव्हा इतरांना खनिजाची शीर दिसते. ती उंचावर असेल तर इंजिनियर भिंतीवर फलाट उभारतो आणि स्काउट दोराच्या साहाय्याने त्यावर जाऊन खोदतो. ड्रिलर खडकातून थेट बोगदा काढतो. गनर झुंडी थोपवतो. खोदलेले सारे खनिज एका चालत्या यंत्रात टाकले जाते आणि मोहिमेच्या अखेरीस त्याचा लाभ चौघांनाही सारखाच मिळतो.

महाराष्ट्रातील वाचकास येथे सहकारी साखर कारखान्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कारखान्यामागे, अनेकांचा माल एका सामायिक यंत्रणेत यावा हीच कल्पना होती. अर्थात तेथे प्रत्येकाला उसाच्या वजनानुसार मोबदला मिळतो. या खेळात तोही हिशेब ठेवलेला नाही. पण म्हणून खेळात नैतिक प्रसंग उरत नाही असे नव्हे. दारूगोळा संपत आला की एका विशिष्ट खनिजाच्या मोबदल्यात वरून रसदीची पेटी मागवता येते. तिच्यात चार वाटे असतात. एकाने दोन घेतले तर कोणातरी एकाला काहीच उरत नाही. खेळ कोणालाही अडवत नाही. म्हणजे जे सर्वांच्या कष्टाचे फळ आहे ते नियमाने सारखे वाटले जाते आणि जे तात्कालिक गरजेचे आहे ते मात्र खेळाडूंच्या विवेकावर सोडले जाते. कोणती गोष्ट नियमाकडे सोपवावी आणि कोणती मैत्रीकडे, याचा इतका नेमका विचार या प्रकारातील खेळांत विरळाच आढळतो.

दुसरा खेळ म्हणजे इराणी निर्मात्यांनी स्थापन केलेल्या डेड मेज या संस्थेचा 'चिल्ड्रन ऑफ मोर्टा' (२०१९). यात दोघांना एकत्र खेळता येते. बर्गसन नावाच्या कुटुंबातील वडील, मुले अशी माणसे घराखालच्या भुयारांत उतरतात. एकाच व्यक्तीला वारंवार पाठवले तर तिच्यावर थकव्याचा दोष चढतो आणि तिची प्राणशक्ती घटते. मग दुसऱ्या कोणाला तरी जावे लागते. एकट्या नायकाने सारा भार वाहावा ही अद्भुतरम्य साहित्यातील रूढ कल्पना या नियमाने मोडली आहे. येथील कुटुंब कथानकापुरते उरत नाही, ते नियमांत उतरले आहे. दोघेच मित्र असतील तर हा खेळ अवश्य विचारात घ्यावा.

५. पुण्याची 'राजी' : एक एकाकी वाट

महाराष्ट्राच्या भूमीतून या प्रकाराच्या जवळपास जाणारी जी निर्मिती झाली, तिचा विचार येथे अपरिहार्य आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. तरीही काम तडीस गेले आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. राजस्थानी वास्तुशैलीतील महाल, पहाडी चित्रशैलीचा प्रभाव आणि छायाबाहुल्यांच्या धर्तीवरील कथनदृश्ये यांमुळे भारतीय दृश्यपरंपरेचा इतका जाणता उपयोग करणारा खेळ म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

'राजी' एकट्याने खेळायचा खेळ आहे. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात राजी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन निघते. भाऊ हे तिचे गंतव्य आहे. तो तिचा सोबती नाही. कथनाची रचनाही लक्षणीय आहे. दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी वरून आपसांत संवाद करतात. संवाद वर देवांमध्ये आहे. खाली मुलगी एकटी आहे. कलादृष्ट्या ही रचना परिणामकारक आहे, हे नाकारता येत नाही. शिवाय सहकारी खेळ घडवणे अधिक खर्चाचे काम आहे. दूरदूरच्या यंत्रांवर एकाच क्षणी एकच जग दिसेल अशी व्यवस्था उभारणे ही लहान संस्थेसाठी मोठीच जोखीम ठरते. म्हणून हे वैगुण्य नव्हे, मर्यादा होय. परंतु ज्या समाजाच्या मैदानी खेळांत आट्यापाट्या आहेत आणि ज्याच्या अर्थकारणात 'सहकार' या शब्दाला इतका इतिहास आहे, त्या समाजाचा सहकारी भुयारखेळ अद्याप व्हायचा आहे, ही उणीव नोंदवली पाहिजे. बहीण-भावाला एकत्र भुयारात उतरवणारी 'राजी' कल्पनेत आणून पाहिली तरी या उणिवेचे स्वरूप स्पष्ट होते.

६. मित्रांसाठी निवड : काही निकष

बर्नार्ड डिकोव्हन या खेळअभ्यासकाने १९७८ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, चांगला खेळ ही केवळ नियमांची करामत नसून खेळणाऱ्या समुदायाने घडवून आणलेली गोष्ट असते. खेळ समुदायाला मानवत नसेल तर बदलायचा तो खेळ, समुदाय नव्हे. मराठी मुलांना हे तत्त्व ग्रंथावाचून ठाऊक होते. गल्लीतल्या खेळात धाकटा भाऊ हट्ट धरून आला की त्याला 'कच्चा लिंबू' केले जाई. तो खेळात असे. पण त्याच्यावर राज्य येत नसे. अशक्ताला बाहेर न घालवता खेळ चालू ठेवण्याची ही युक्ती मुलांनी स्वतः शोधली होती. संगणकीय खेळात नियम संकेतावलीत गोठलेले असतात, त्यामुळे 'कच्चा लिंबू' करण्याची मुभा खेळाडूंना सहसा राहत नाही. म्हणून निवड करतानाच ती मुभा शोधावी लागते.

या विवेचनाच्या आधारे काही निकष सुचवता येतील. पहिला निकष परस्परावलंबनाचा. एकाच्या अनुपस्थितीने खेळाचे रूप बदलते का, हे पाहावे. बदलत नसेल तर चौथा मित्र केवळ संख्येपुरता आहे. या कसोटीवर 'डीप रॉक गॅलॅक्टिक' सर्वांत खरा उतरतो. दुसरा निकष वाटपाचा. मित्राला काही देता येते का आणि देण्यात काही सोडावे लागते का? येथे 'डायब्लो २' आजही वरचढ ठरतो. त्याची २०२१ ची सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे. मात्र जुन्या आवृत्तीत असलेली संगणक परस्परांना थेट जोडून खेळण्याची सोय तीतून काढून टाकण्यात आली. तिसरा निकष साधनांचा. वसतिगृहातील साध्या संगणकांवर, इंटरनेट नसतानाही, स्थानिक जोडणीवर सहा जणांना खेळता येणारा 'टॉर्चलाइट २' या दृष्टीने सोयीचा आहे, मग त्यातील लूट खाजगी का असेना. अशा वेळी आपल्याला नको असलेली वस्तू मित्रासाठी टाकण्याचा संकेत मित्रांनीच पाडून घ्यावा. चौथा निकष असमान कौशल्याचा. तुकडीत कोणी नवखा किंवा घरातील लहान मूल असेल, तर एकाच पडद्यावर चौघांना सामावणारा आणि पडलेल्या सोबत्याला पुन्हा उठवण्याची सोय असणारा 'माइनक्राफ्ट डन्जन्स' बरा. कच्च्या लिंबाला तेथे जागा आहे.

येथे एक प्रतिवाद विचारात घेणे आवश्यक आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना सामायिक लुटीचा अनुभव भुयारखेळांतून नव्हे, तर मोबाइलवरील युद्धखेळांतून मिळाला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा त्याचा भारतीय अवतार आला. त्यात चौघांची तुकडी असते, शस्त्रे जमिनीवर पडलेली असतात आणि 'माझ्याकडे गोळ्या जास्त आहेत, तू घे' हा व्यवहार क्षणोक्षणी घडतो. मग भुयारखेळाची गरज काय? उत्तर असे की, तेथील आपलेपणा समोरच्या माणसांना संपवण्यासाठी उभा केलेला असतो आणि शेवटी एकच तुकडी उरायची असते. घाईही तेथे सतत मानगुटीवर बसलेली असते. भुयारात मात्र थांबता येते. दोन दालनांच्या मध्ये शत्रू नसलेल्या जागी उभे राहून नोकरीविषयी, घराविषयी, आईच्या आजारपणाविषयी बोलता येते. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी असतात. कानावर पडणारे बोलणे मात्र 'काहून एकटा पुढं गेला बे?' असे अस्सल नागपुरी असते. मित्रांसाठी खेळ शोधणाऱ्याला हीच जागा हवी असते.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, सहकारी भुयारखेळाचे मूल्यमापन त्याची चित्रे, ध्वनी किंवा लोकप्रियता यांवरून न करता त्यातील वाटपाच्या नियमांवरून करणे अधिक फलदायी ठरते, कारण खेळाची नीती नियमांत असते. दोन, स्वतंत्र लुटीच्या पद्धतीने या प्रकारातील तंटा दूर केला, पण त्याबरोबर देण्याची संधीही दूर केली. तीन, 'डीप रॉक गॅलॅक्टिक'सारखी निर्मिती दाखवून देते की सामायिकता आणि शांतता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. चार, महाराष्ट्रातील निर्मात्यांना या दिशेने जाण्यासाठी परकीय नमुन्यांइतकेच आपल्या मैदानांकडेही पाहता येईल.

अध्यापकवर्गासाठी यात एक व्यावहारिक सूचनाही आहे. विद्यार्थी कोणता खेळ खेळतो याबरोबरच तो कोणाबरोबर खेळतो आणि त्या खेळात त्याला कोणासाठी काही सोडावे लागते का, हेही विचारले जावे. मराठीत खेळातील जोडीदाराला 'भिडू' म्हणतात. भिडू शेजारी बसलेला असला की झाले असे नाही. आपला डाव ज्याच्यावर अवलंबून असतो तो भिडू. मित्रांसाठी खेळ निवडताना या एका शब्दाची कसोटी लावली तरी पुष्कळसा गोंधळ दूर होईल.